स्टार वॉर्स कुठल्या क्रमानं बघायचं, याबद्दल जरा सविस्तर

आधी एक विनंती. ज्यांनी स्टार वॉर्समधला एकही सिनेमा पाहिलेला नाही आणि कधीतरी पाहायचा आहे, त्यांनी एवढंच वाचावं: भाग ४, ५, ६, मग १, २, ३, मग 'रोग वन' हा आकडा नसलेला सिनेमा, मग ७, ८, ९. आणि पोस्ट इथंच बंद करावी. खाली मी सगळी गुपितं फोडून बोलणार आहे, त्याशिवाय माझं म्हणणं मांडताच येणार नाही.

आता उरलेल्यांशी बोलते.

मे महिन्याची सुट्टी लागली की आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या घरी भाचरं गोळा होतात आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "मावशी, यातला आधी कुठला?" ओळखीपाळखीतलेही विचारतात. अ‍ॅपवर प्रत्येक नावाला भागाचा आकडा चिकटवलेला असतो. आकडा दिसला की माणूस एकापासून सुरुवात करणार, त्यात त्याचं काही चुकत नाही. माझं भांडण त्या आकड्यांशी आहे. कथेतलं आधी काय घडलं आणि नंतर काय, एवढंच ते सांगतात. ती कथा आपल्याला कशी सांगितली गेली, याचा त्यात पत्ताच नाही.

२५ मे १९७७ ला अमेरिकेत पहिला सिनेमा लागला, तेव्हा सुरुवातीच्या त्या वर सरकत जाणाऱ्या पिवळ्या मजकुरात भागाचा आकडाच नव्हता. नाव नुसतं 'स्टार वॉर्स'. 'भाग चौथा, अ न्यू होप' ही ओळ १९८१ मध्ये सिनेमा पुन्हा थिएटरात आणला तेव्हा वर चढली. तोपर्यंत १९८० चा 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' पाचवा भाग म्हणून येऊन गेला होता. १९८३ ला 'रिटर्न ऑफ द जेडाय'. मग सोळा वर्षं मोठ्या पडद्यावर नवा भाग नाही, आणि नंतर १९९९, २००२, २००५ असे भाग एक, दोन, तीन. म्हणजे ज्याला आज आपण पहिला म्हणतो, तो बनवताना बनवणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं की समोरच्याला काळ्या मुखवट्यातला खलनायक डार्थ व्हेडर कोण हे पक्कं माहीत आहे. माझ्या सगळ्या मताचा पाया एवढाच आहे. प्रत्येक सिनेमा समोरच्या प्रेक्षकाला किती माहीत आहे हे धरून लिहिलेला असतो. तेवढंच माहीत असताना तो बघावा.

माझे दाजी साताऱ्याला हायस्कूलमध्ये इतिहास शिकवतात. त्यांना हे मान्य नाही. घडलं तसं बघावं, असं त्यांचं ठाम मत. सनावळी डोक्यात पक्की असली की कार्यकारणभाव आपोआप कळतो, हे ते वर्गात सांगतात आणि सिनेमालाही तेच लावतात. अ‍ॅनाकिन (पुढं व्हेडर होतो तोच) नऊ वर्षांचा गुलाम पोरगा असल्यापासून बघा, तो कसा बिघडत गेला ते बघा, मग त्याचा मुलगा ल्यूक त्याला कसा परत आणतो ते बघा. एका माणसाची सलग शोकांतिका. त्यांच्या बाजूनं भक्कम साक्षीदारही आहे. हे सगळं विश्व उभं करणारे खुद्द जॉर्ज लुकास यांचा कल पुढं पुढं एक ते सहा याच क्रमाकडं राहिला.

आणि दाजींचा दुसरा मुद्दा तर थेट सांगलीच्याच मातीतला आहे. ते म्हणाले, "तुमच्याच गावात १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. धनुष्य कोण मोडणार हे समोरच्या एकेकाला ठाऊक होतं. तरी माणसं बसलीच की नाही? कर्ण कुंतीचा, हे आपल्याला आधीपासून माहीत असतं, त्याला मात्र कळतं अगदी युद्धाच्या तोंडावर. म्हणून तर पोटात तुटतं. मग ल्यूकचा बाप कोण हे आधीच कळलं तर बिघडलं कुठं?"

हा प्रश्न मी बरेच दिवस मनात घोळवला, कारण नाट्यपंढरीत वाढलेल्या माणसाला तो झटकून टाकता येत नाही. भावे नाट्यमंदिरात लहानपणापासून जी संगीत नाटकं बघितली, त्यातल्या एकाचाही शेवट मला नवा नव्हता, आणि एकदाही कंटाळा आलेला नाही. तेव्हा 'गुपित कळलं की मजा गेली' असं मी सरसकट म्हणणार नाही.

पण कर्णाचा तो प्रसंग कसा रचलाय ते बघा. कृष्ण त्याला रथात घेऊन जातो आणि खरं सांगतो. मग कुंती नदीकाठी येते. आपल्याला बातमी नकोच असते, ती आपल्याकडं आहे. आपण थांबलेलो असतो कर्ण काय उत्तर देतो त्यासाठी. ऐकणाऱ्याला सगळं माहीत आहे, हे धरूनच तो प्रसंग उभा आहे. 'एम्पायर'मधला प्रसंग नेमका उलटा आहे. चौथ्या भागात ल्यूकचा गुरू ओबी-वान त्याला सांगतो की व्हेडरनं तुझ्या वडिलांचा विश्वासघात केला आणि त्यांना मारलं. आपण ते ऐकतो आणि खरं मानून चालतो. पुढचे जवळजवळ दोन सिनेमे आपल्याला ल्यूकपेक्षा कणभरही जास्त माहीत नसतं. त्याचा हात तुटतो, तो त्या पोकळीवर लोंबकळत असतो, व्हेडर त्याला म्हणतो की मी तुझा बाप आहे, आणि त्या क्षणी आपणही त्याच्याबरोबर तिथं लटकत असतो. ज्याला आधीच माहीत आहे तो प्रेक्षक या दृश्यात काठावर उभा राहून बघतो. त्यालाही वाईट वाटतं, पण ते दुसऱ्याबद्दल वाटणारं वाईट असतं.

हे गुपित राखायला त्या लोकांनी किती आटापिटा केला होता! सेटवर व्हेडरच्या पोशाखात डेव्हिड प्राउझ होता, त्याला वेगळंच वाक्य दिलं होतं: ओबी-वाननं तुझ्या वडिलांना मारलं. ल्यूक झालेल्या मार्क हॅमिलला खरं वाक्य शॉटच्या जरा आधी सांगितलं. व्हेडरचा आवाज देणाऱ्या जेम्स अर्ल जोन्स यांनी ते नंतर डबिंगला म्हटलं. आणि ते वाचल्यावर जोन्स यांना स्वतःला काय वाटलं माहितीय? हा माणूस खोटं बोलतोय.

गेल्या सुट्टीत दाजींचा मोठा मुलगा माझ्या क्रमानं बघत होता. ते वाक्य आलं आणि तो ताडकन उठून म्हणाला, "खोटं बोलतोय तो!" त्याला जोन्स यांचा किस्सा माहीत असण्याचं काही कारणच नव्हतं. १९८० ते १९८३ लोक हाच वाद घालत होते की व्हेडर खरं बोलला की खोटं. म्हणून तर सहाव्या भागात ल्यूक मरणाच्या दारातल्या गुरू योडाला जाऊन विचारतो, आणि योडा आधी टाळाटाळ करतो. एकापासून सहापर्यंत बघणाऱ्याला तो संवाद नुसता उपचार वाटतो. आमच्या पोरानं त्या संवादाला श्वास रोखून धरला होता. दाजी मागं खुर्चीत बसले होते, त्यांनीही पाहिलं.

योडाचंही असंच. ल्यूक एका दलदलीच्या ग्रहावर थोर गुरूला शोधत उतरतो. तिथं एक हिरवट, कानवाला, चिमुकला जीव त्याचं खाणं उचकतो, दिव्यासाठी रोबोशी झोंबाझोंबी करतो, खिदळतो. ल्यूक वैतागतो, आपणही वैतागतो. आणि मग कळतं की गुरू हाच. कुणाला क्षुल्लक समजावं आणि कुणाला नाही, याचा पहिला धडा ल्यूकला तिथं मिळतो, आणि त्याच्याबरोबर आपल्यालाही. दुसऱ्या भागात त्याच योडाला तलवार घेऊन गरागरा उड्या मारताना आधीच पाहिलेलं असेल, तर हा धडा आपल्यापर्यंत पोचतच नाही. आपल्याला उत्तर माहीत आहे आणि ल्यूक तेवढा बावळट वाटतो.

आता दाजींच्या 'सीतास्वयंवरा'कडं परत येते, कारण त्यांचं म्हणणं खरंच आहे, फक्त ते वेगळ्या तीन सिनेमांना लागू पडतं. भाग १, २, ३ हे माहीतगार प्रेक्षकासाठीच केलेले आहेत. १९९९ च्या सिनेमाचं आधी आलेलं पोस्टर आठवा: वाळवंटातल्या घराच्या भिंतीशी उभा लहानगा अ‍ॅनाकिन, आणि भिंतीवर त्याची सावली पडलीय ती व्हेडरच्या आकाराची. व्हेडर ज्यानं पाहिलाच नाही त्याला त्या सावलीत काय दिसणार? तिसऱ्या भागात तो शेवटचा मुखवटा चेहऱ्यावर उतरतो आणि पहिला श्वास ऐकू येतो, तेव्हा अंगावर काटा येतो तो ओळखीमुळं. काय होणार हे माहीत असताना कसं होतं ते बघायचं, हे त्या तीन सिनेमांचं सुख आहे, आणि ते भाव्यांच्या प्रेक्षकाचंच सुख आहे. आलेल्या क्रमानं बघितलं की आधी अजाण माणसाचं सुख मिळतं, मग जाणत्याचं. उलट बघणाऱ्याचं पहिलं सुख कायमचं जातं आणि दुसरंही धड मिळत नाही.

आणि एक गोष्ट दाजींनाही ऐकून नवल वाटलं. 'एम्पायर'च्या पटकथेचा पहिला खर्डा ली ब्रॅकेट यांनी लिहिला होता; १९७८ च्या मार्चमध्ये त्या वारल्या. त्या खर्ड्यात ल्यूकचे वडील वेगळे आणि व्हेडर वेगळा. वडील चक्क आत्मारूपानं येऊन मुलाला भेटतात. दोघं एकच, हे लुकासनं पुढच्या खर्ड्यात आणलं. म्हणजे पहिला सिनेमा येऊन गेल्यावरसुद्धा ही गाठ कागदावर बसलेली नव्हती. ओबी-वानचं चौथ्या भागातलं वाक्य म्हणूनच इतकं सरळ, निर्मळ ऐकू येतं. इतिहासाच्या मास्तरांना मी म्हटलं, सनावळीच लावायची तर ही पण सनावळीच आहे ना, गोष्ट सुचत गेल्याची?

शिवाय आपल्याकडं सगळ्यात मोठी कथाही घडली त्या क्रमानं सांगितलेली नाही. महाभारत आपल्याला ऐकू येतं ते जनमेजयाच्या सर्पसत्रात, म्हणजे सगळं संपून पांडवांची नातवंडं-पतवंडं राज्य करत असताना. सुरुवातीलाच शेवटानंतरचा काळ. सांगणाऱ्यानं जिथून सुरू केलं तिथून ऐकायचं, ही आपली जुनी सवय आहे.

आता संगीत. यावर मला जास्त बोलायचं आहे, कारण यावर कुणीच बोलत नाही. संगीतकार जॉन विल्यम्सनं व्हेडरसाठी केलेली ती दणदणीत मार्चची धून १९७७ च्या सिनेमात नाहीच. ती पहिल्यांदा वाजली १९८० मध्ये. पुढं १९९९ च्या सिनेमात त्यानं लहान अ‍ॅनाकिनसाठी एक कोवळी, निरागस सुरावट बांधली, आणि तिच्या शेवटी शेवटी व्हेडरच्या मार्चचं वळण असं अलगद आणून ठेवलं की लक्ष नसेल तर निसटून जातं. मिरजेत सतारमेकर गल्लीत माझा एक मित्र आहे. घरात तीन पिढ्या तुंबा आणि तारा, दर्ग्याच्या उरुसात रात्ररात्र गाणं ऐकणारा. त्याला सिनेमाचं फारसं वेड नाही. पण माझ्या आग्रहाखातर त्यानं ४, ५, ६ बघितले आणि मग पहिला. ती सुरावट लागल्यावर त्यानं हात वर करून मला थांबवायला सांगितलं. मागं नेऊन पुन्हा ऐकली. म्हणाला, "या पोराच्या गाण्यात तो काळा माणूस आहे गं." भाग एकापासून सुरू करणाऱ्याला हे कितीही चांगला कान असला तरी ऐकू येणार नाही, कारण जे ओळखायचं ते त्यानं अजून ऐकलेलंच नाही. त्याच सिनेमाच्या शेवटी विजयाच्या मिरवणुकीत पोरं आनंदानं गातात. ती चाल म्हणजे सहाव्या भागातल्या सम्राटाची, व्हेडरच्या मालकाची, भेसूर धून, वेष बदलून, मोठ्या आनंदात. लोक नाचताहेत आणि सुरांत सम्राट हजर आहे. विल्यम्सनं हे सगळं ज्याच्यासाठी पेरलं तो श्रोता आधी १९८० आणि १९८३ मधून गेलेला आहे.

एक तिसरा पंथही आहे. २०११ मध्ये एका अमेरिकन माणसानं सुचवलेला 'मशेटी' क्रम: ४, ५, मग २, ३, आणि शेवटी ६. पहिला भाग सरळ वगळायचा. हा क्रम डोकं लावून केलेला आहे, मी त्याचा आदर करते. व्हेडरचं वाक्य ऐकल्यावर लगेच मागं जाऊन हा माणूस कोण होता ते बघायचं आणि मग शेवटाला यायचं. गुपितही राहतं. पण मला दोन ठिकाणी तो पटत नाही. पाचव्याच्या शेवटी ल्यूकचा दोस्त हान सोलो गोठवलेला आहे, ल्यूकचा हात गेलाय, सगळ्यांचा जीव टांगणीला. अशा वेळी दोन सिनेमे भरून वीसेक वर्षांपूर्वीचं राजकारण बघायला लावलं तर पोरं हानला विसरून जातात. आणि पहिला भाग वगळणं तर मला क्रूरपणा वाटतो. नऊ वर्षांचं पोर आईला गुलामीत सोडून निघतं, चार पावलं जाऊन परत वळतं, आणि आई त्याला मागं बघू नको म्हणते. हे पाहिलेलं नसेल तर दुसऱ्या भागात त्या आईचा जीव त्याच्या हातात जातो त्याचा काय अर्थ लागणार? अ‍ॅनाकिनच्या सगळ्या रागाचं मूळ त्या निरोपात आहे. पहिला भाग मधेमधे रेंगाळतो, व्यापारी करांची चर्चा पोरांच्या डोक्यावरून जाते, हे मान्य. तरी तो हवाच.

काहीजण म्हणतात, १९७७ चा सिनेमा आजच्या पोरांना जुनाट वाटेल, म्हणून नव्यापासून सुरू करावं. मला वाटतं म्हणूनच जुन्यापासून सुरू करावं. लुकासनं १९७५ मध्ये या सिनेमासाठी इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक ही स्पेशल इफेक्ट्सची कंपनी काढली, आणि सुरुवातीला डोक्यावरून जात राहणारं, संपता न संपणारं ते प्रचंड जहाज म्हणजे हातानं बनवलेलं मॉडेल आहे. आधी ते पाहिलं की डोळा त्याला सरावतो आणि पुढचे सिनेमे वाढत्या भाजणीनं येतात. २००५ च्या लाव्हारसातल्या लढाईनंतर १९७७ मधलं ओबी-वान आणि व्हेडरचं द्वंद्व दाखवलंत, तर पोरं विचारणार की हे इतके हळू का लढताहेत. बरोबर क्रमानं त्या संथपणालाही वजन आहे.

माझ्या क्रमात एक खरी अडचण आहे. आज घरी जे बघायला मिळतं ते १९७७-८३ चं मूळ रूप नाही. १९९७ मध्ये आणि नंतर २००४ च्या डीव्हीडीत लुकासनं बरंच बदललं. सहाव्याच्या शेवटी तीन आत्मे दिसतात, त्यात १९८३ ला सेबॅस्टियन शॉ हा वयस्कर नट होता, ज्याचा चेहरा आपण मुखवट्याखाली नुकताच पाहिलेला असतो. २००४ पासून तिथं तरुण हेडन क्रिस्टेन्सन आहे, जो दुसऱ्या-तिसऱ्या भागातला अ‍ॅनाकिन. माझ्या क्रमानं बघणारा विचारणारच, हा कोण? मी एवढंच सांगते की हा त्याचाच तरुणपणीचा चेहरा, याची गोष्ट आता पुढं. उलट त्या एका चेहऱ्यामुळं पुढचे तीन बघायची ओढ लागते. पाचव्यात सम्राटाचे संवादही बदललेत, अ‍ॅनाकिनचं नाव तिथं आधीच येऊन जातं. नाव नवं असल्यानं पोरांच्या ते लक्षात येत नाही. तुम्ही तिथं काही समजावून सांगायला जाऊ नका, म्हणजे झालं.

'रोग वन' हा २०१६ चा. चौथा भाग सुरू होतो त्याच्या जरा आधी तो संपतो, म्हणून बरेचजण तो चौथ्याच्या आधी लावतात. नका लावू. १९७७ च्या मजकुरात 'हेरांनी आराखडे पळवले' असं एक वाक्य आहे, त्या एका वाक्यामागं किती माणसं मेली ते हा सिनेमा दाखवतो. वाक्य आधी माहीत हवं. त्यात चौथ्या भागातला खलनायक टार्किन दिसतो, म्हणजे १९९४ ला वारलेला पीटर कुशिंग, संगणकावर पुन्हा उभा केलेला. तोही आधी ओळखीचा हवा. मी तो तिसऱ्यानंतर दाखवते, तिथून त्याच दिवशी कुणाला चौथा परत बघावासा वाटला तर बघू देते. 'अँडोर' ही मालिका २०२२ आणि २०२५ मध्ये दोन हंगामांत आली, ती 'रोग वन'च्या दारापर्यंत येऊन थांबते. मोठ्यांसाठी उत्तम, दहा-बारा वर्षांच्या मुलांना लगेच नको. हान सोलोच्या तरुणपणावरचा २०१८ चा सिनेमा मन होईल तेव्हा. ७, ८, ९ हे २०१५, २०१७, २०१९ चे, त्यात क्रमाचा वाद नाही. फक्त सातवा बघायच्या आधी हानवर जीव जडलेला असला पाहिजे, आणि तो ४, ५, ६ मध्येच जडतो.

नऊ मुख्य सिनेमे मिळून वीस तासांच्या वर जातात. रोज एक, संध्याकाळी ऊन उतरल्यावर. पाचवा आणि सहावा यांच्यात मी मुद्दाम एक दिवस सोडते, कारण 'खोटं बोलतोय' की 'खरं बोलतोय' हा वाद पोरांना पोटभर घालता आला पाहिजे. त्या दिवशी मोबाइल माझ्याकडं. कुणी हळूच शोधून बघितलं की संपलंच.

यंदा दाजींच्या धाकट्या लेकीची पाळी आहे. दाजी स्वतः म्हणाले की तिलाही चौथ्यापासूनच दाखव, फक्त सहा झाल्यावर एक-दोन-तीन बघताना मी शेजारी बसणार. ठरलं. तेव्हा घरच्या मंडळींपैकी जे जे हे वाचत असतील, सांगलीतले, साताऱ्यातले, पुण्याहून येणारे, सगळ्यांना हात जोडून सांगते: तिच्यासमोर व्हेडरचा विषय काढायचा नाही, त्याचं ते वाक्य असलेला टी-शर्ट घालून यायचं नाही, आणि पाचवा लागला असताना "आता बघ हं" असं म्हणायचं नाही.